गावात मेजर, कागदात नायक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील निवृत्त सैनिकाला एकाच वेळी किमान दोन हुद्दे असतात. पहिला हुद्दा गाव देते आणि तो बहुधा ‘मेजर’ हाच असतो. नायक म्हणून पेन्शनीत आलेला मनुष्य ट्रंक घेऊन फाट्यावर एसटीतून उतरला, की चहाच्या टपरीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याची ही बढती जाहीर झालेली असते, आणि तिला ना रिक्त जागा लागते, ना परीक्षा, ना वरिष्ठांचा गोपनीय अहवाल. लष्करात मेजर हा कमिशन मिळालेला अधिकारी असतो हे गावाला ठाऊक नसते असे नव्हे, परंतु ज्या गावात घरटी एक माणूस पलटणीत आहे तेथे एवढ्या मेजरांना पुरतील इतके जवान कोठून आणायचे हा प्रश्न कोणी उपस्थित करत नाही. दुसरा हुद्दा देते ते अभिलेख कार्यालय, म्हणजे ज्याला सगळे फौजी ‘रेकॉर्ड ऑफिस’ म्हणतात ते. हा हुद्दा गावच्या हुद्द्यापेक्षा खालचा असणे स्वाभाविकच आहे. मात्र पुष्कळदा तो त्या माणसाने प्रत्यक्ष दंडावर मिरवलेल्या फितींपेक्षाही एक पायरी खालचा निघतो, आणि ती एक पायरी हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

अधिकाऱ्यांच्या खालील पायऱ्या शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर अशा चढत जातात, आणि त्यांतील शेवटच्या तिघांना ‘जेसीओ’ म्हणतात. ही शिडी वरकरणी सरळ दिसली तरी तिची पहिलीच पायरी बहुरूपी आहे, कारण तोच शिपाई इंजिनिअर दलात सॅपर, तोफखान्यात गनर, रणगाडा दलात सवार, सिग्नल्समध्ये सिग्नलमन आणि यंत्रदुरुस्तीच्या ईएमई दलात क्राफ्ट्समन होतो. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत असत, त्यामुळे जुन्या कागदावर जमादार हा शब्द दिसताच नव्या कारकुनाला आधी थोडा इतिहास शिकावा लागतो, आणि इतिहास हा विषय त्याच्या नेमणुकीच्या अटींत नसतो. हुद्दा ही केवळ मानाची बाब असती तर या गोंधळाची गंमत वाटली असती; परंतु ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाल्यापासून, सारख्याच हुद्द्यावरून सारखीच वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्यांना सारखे पेन्शन असा हिशोब असल्यामुळे, कागदावरील हुद्द्याच्या त्या एका शब्दाला दरमहा रुपयांत किंमत आली आहे. तो शब्द चुकला की पेन्शन चुकते, आणि पेन्शन दर महिन्याला मिळत असल्यामुळे चूकही दर महिन्याला न चुकता मिळते.

हुद्दा कागदावर कसा चढतो हे समजल्याशिवाय तो कसा घसरतो हे समजत नाही. जवानाच्या आयुष्यात जे काही घडते, मग ते लग्न असो, मुलगा असो, बढती असो की दंड असो, ते युनिटमधून ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या आदेशाने प्रसिद्ध होते आणि रेकॉर्ड ऑफिसकडे जाऊन त्याच्या सेवापत्रकात चढते. जे पार्ट टू ऑर्डरमध्ये नाही ते घडलेच नाही, असे या व्यवस्थेचे तत्त्वज्ञान असून अद्वैत वेदान्तालाही जगाच्या मिथ्यात्वाची इतकी चोख नोंदवही ठेवता आलेली नाही. निवृत्तीच्या वेळी जवानाच्या हाती डिस्चार्ज बुक पडते, रेकॉर्ड ऑफिस पेन्शनचे कागद तयार करते आणि प्रयागराज येथील संरक्षण लेखा खात्याचे निवृत्तिवेतन कार्यालय ‘पीपीओ’, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश काढते. त्यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकाचे ओळखपत्र देते. एका माणसाचा हुद्दा अशा रीतीने निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या कागदांवर लिहिला जातो, आणि त्यांतील कोणत्याही हाताला जेवणाच्या सुट्टीची घाई होऊ शकते.

ही कार्यालये अर्जदारापासून किती दूर आहेत याचा विचार केल्यास भूगोलाचाही अभ्यास होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीतील जवानाचे रेकॉर्ड बेळगावात, म्हणजे ज्या गावासाठी महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालवला आहे तेथे. तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला, ईएमईचे सिकंदराबादला आणि महार रेजिमेंटचे थेट मध्य प्रदेशातील सागरला. कोरेगाव, खटाव किंवा तासगाव तालुक्यातील सत्तरी ओलांडलेल्या माणसाने यांपैकी एका ठिकाणी पत्र धाडायचे, तेथून ते प्रयागराजला जायचे, आणि उत्तर आले तर ते ज्या इंग्रजीत येईल ती इंग्रजी वाचायला नातवाला रविवारी पुण्याहून बोलवायचे, असा या पत्रव्यवहाराचा क्रम असतो.

या संदर्भात छत्रपती शिवाजी महाराजांच्या गडव्यवस्थेची आठवण देणे अप्रस्तुत ठरू नये. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे तीन कारभारी असत. हवालदाराकडे गडाचा ताबा आणि सबनीसाकडे हिशोब व हजेरी, अशी ही वाटणी होती. ती फितुरी टाळण्यासाठी होती, कारण एकाला गड शत्रूच्या हवाली करावासा वाटला तरी उरलेले दोघे आडवे येत. एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये, ती ही की सबनीस त्याच गडावर राहत असे. हवालदाराची हजेरी चुकीची मांडली गेली तर तो चार ढांगा टाकून सबनीसाच्या सदरेवर जाऊ शकत होता, आणि तेथे त्याला ‘आपला अर्ज योग्य त्या माध्यमातून पाठवावा’ असे सांगितले जाण्याची शक्यता फारशी नव्हती.

आता चुकांच्या प्रकारांकडे वळावे. लेखनप्रमाद, म्हणजे हाताने किंवा बोटाने झालेली साधी चूक, हा त्यांतील सर्वांत निष्पाप प्रकार होय, आणि त्याच्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. नियमानेच घडवलेली चूक त्याहून उच्च कोटीची असते. २००६ पूर्वी निवृत्त होणाऱ्या जवानाचे पेन्शन त्याने निवृत्तीपूर्वी सलग दहा महिने धारण केलेल्या हुद्द्यावर ठरत असे; त्यामुळे ज्याला शेवटच्या वर्षात हवालदारकी मिळाली आणि नवव्या महिन्यात सेवाकाळ संपला, तो हवालदार म्हणून निरोप घेई, हवालदार म्हणून निरोपाचा फोटो काढी, आणि नायक म्हणून पेन्शन घेई. त्याच्या डिस्चार्ज बुकात एक हुद्दा आणि पीपीओत दुसरा, हे दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असत. दोन बरोबर कागदांची बेरीज चुकीची येण्याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या नव्हे तर तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे.

तथापि शासनाची प्रतिभा खऱ्या अर्थाने फुलते ती मानद हुद्द्यांच्या क्षेत्रात. चांगली सेवा केलेल्या हवालदाराला निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार हा हुद्दा दिला जातो, आणि वरिष्ठ जेसीओंना प्रजासत्ताक दिनी व स्वातंत्र्यदिनी मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केले जाते. मानद याचा व्यवहारातील अर्थ असा, की मान पूर्ण द्यायचा आणि बाकीचे बघू. मानद नायब सुभेदाराच्या बाबतीत हे ‘बाकीचे’ फार काळ कोणी बघितले नाही: लग्नपत्रिकेवर, दारावरच्या पाटीवर आणि ग्रामपंचायतीच्या झेंडावंदनाच्या मानाच्या खुर्चीवर नायब सुभेदार, आणि पेन्शनच्या रकान्यात हवालदार. सहाव्या वेतन आयोगानंतर संरक्षण मंत्रालयाने १२ जून २००९ च्या पत्राने असा हुद्दा मिळालेल्यांचे पेन्शन नायब सुभेदाराच्या वेतनावर काल्पनिक रीतीने ठरवण्याचे मान्य केले, परंतु १ जानेवारी २००६ नंतर निवृत्त झालेल्यांसाठीच. म्हणजे त्याआधीच्यांचा मान खरा असला तरी त्याची कल्पना करण्यास शासन तयार नव्हते. २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या चंदीगड खंडपीठाने जुन्या निवृत्तांनाही हा लाभ द्यावा असा निर्णय दिला आणि त्याविरुद्धची सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, तेव्हा कोठे मान आणि रुपये यांची भेट झाली. सशस्त्र दल न्यायाधिकरण हे २००७ च्या कायद्याने निर्माण झालेले, सैनिकांच्या सेवेसंबंधीचे वाद ऐकणारे न्यायपीठ असून सातारा-सांगलीकरांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे, ही माहिती येथेच देऊन ठेवलेली बरी.

याच्या अगदी उलट टोकाला ‘एमएसीपी’ नावाची व्यवस्था उभी आहे, जिच्यात बढतीसाठी जागा रिकामी होत नाही म्हणून ज्याची उमेद खचू नये अशा जवानाला सेवेच्या ८, १६ आणि २४ वर्षांनंतर वरच्या पायरीचे वेतन दिले जाते, मात्र हुद्दा दिला जात नाही. यावरून असे दिसते की एकाच पलटणीत, एकाच बराकीत, शेजारी शेजारी खाटा टाकून झोपलेल्या दोन हवालदारांपैकी एक पुढे नायब सुभेदाराचा हुद्दा घेईल आणि दुसरा नायब सुभेदाराचे वेतन घेईल, आणि दोघे मिळून एक पूर्ण नायब सुभेदार तयार होईल. अशा दोघांनी संयुक्त खाते उघडावे काय, याविषयी अद्याप कोणतेही परिपत्रक निघालेले नाही.

या सगळ्या जुन्या कागदांवर अलीकडे ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीचा संस्कार झाला आहे. बँकांकडून होणारे पेन्शनवाटप तिच्याकडे आले तेव्हा लक्षावधी निवृत्तांची जुनी माहिती तिच्यात ओतली गेली, आणि त्या माहितीची पडताळणी करण्याचे काम पेन्शनराकडेच सोपवण्यात आले. पडताळणी म्हणजे आपल्याविषयी शासनाने जे लिहिले आहे ते वाचून ‘हे मी आहे’ असे मान्य करणे. संगणकाला हस्ताक्षर लागत नाही, त्यामुळे जुन्या कारकुनाची चूक निदान गिचमिड होती म्हणून शंकेचा फायदा मिळे, तोही आता गेला. छापील अक्षरात आलेली चूक अतिशय विश्वसनीय दिसते. गावातल्या सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत बसून ही पडताळणी करून देणारा मुलगा घाईत असतो, ओटीपी पेन्शनराच्या फोनवर येतो, फोन घरी राहिलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन आणला की वीज गेलेली असते.

दुरुस्तीच्या अर्जाचा गाभा पुरावा हा होय, आणि येथे व्यवस्थेची रचना कौतुकास्पद वर्तुळाकार आहे. आपण हवालदार होतो असे म्हणणाऱ्याने बढतीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत जोडावी अशी अपेक्षा असते. ती प्रत अर्जदाराला कधीच दिली गेलेली नसते, कारण ती रेकॉर्ड ऑफिसकडे असते. आणि रेकॉर्ड ऑफिस ती अर्जदाराकडे मागते, कारण दुरुस्ती अर्जदाराला हवी असते. ज्याला पेन्शनच मिळत नाही अशाची अवस्था याहून पूर्ण आहे: पेन्शनपात्र नसलेल्या जवानाची सेवा कागदपत्रे निवृत्तीनंतर २५ वर्षांनी नियमानुसार नष्ट केली जातात आणि ‘लाँग रोल’ नावाच्या मोठ्या नोंदवहीतील काही ओळी तेवढ्या मागे राहतात. अशा प्रकरणात शासनाचे उत्तर खोटे नसते. कागद उपलब्ध नाहीत हे खरेच असते, कारण ते त्यानेच नियमाप्रमाणे जाळलेले असतात.

सांगली जिल्ह्यातील अर्जदाराच्या वाट्याला आणखी एक विशेष अडचण येते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली तेव्हा १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग करून दक्षिण सातारा हा नवा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. यामुळे वाळवा तालुक्यात १९४० साली जन्मलेला मनुष्य एकाच घरात राहून सातारा जिल्ह्यात जन्मतो, दक्षिण सातारा जिल्ह्यातून भरती होतो आणि सांगली जिल्ह्यात पेन्शनीत येतो; त्याने आयुष्यात एकदाही घर बदललेले नसते, तरी कागदोपत्री तो स्थलांतरित ठरतो. त्यातच राज्य सरकारने २०२५ मध्ये याच तालुक्यातील इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचे जाहीर केल्याने त्याच्या टपालाच्या पत्त्यालाही बढती मिळाली. संपूर्ण जिल्ह्याचे नाव दुरुस्त व्हायला अकरा वर्षे पुरली, हे हुद्दादुरुस्तीच्या अर्जदारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मात्र जिल्ह्याला पार्ट टू ऑर्डर जोडावी लागली नव्हती.

जगाच्या अनुभवावरून पाहता धीर धरण्यास जागा आहे. अमेरिकेत सैनिकांच्या नोंदी दुरुस्त करणारी स्वतंत्र मंडळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कायद्याने स्थापन झाली आहेत, आणि तेथील संसदेने व राष्ट्राध्यक्षांनीही प्रसंगी हात लावला आहे. मिसुरी नदीच्या उगमाकडे १८०४ मध्ये निघालेल्या प्रसिद्ध मोहिमेतील विल्यम क्लार्क याला कॅप्टन करण्याचे वचन होते, प्रत्यक्षात लेफ्टनंटचा कागद आला, आणि त्याच्या सहकाऱ्याने ही गोष्ट तुकडीपासून लपवून त्याला कॅप्टनच म्हटले. कागद दुरुस्त झाला तो २००१ मध्ये. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणून वारले आणि १९७६ मध्ये त्यांना सर्वोच्च हुद्दा मिळाला, तोही पुढे कोणी त्यांच्या वर जाऊ नये अशा तरतुदीसह. या प्रकरणांतील निकाल लागण्याची गती विचारात घेता सातारच्या अर्जदाराने आणखी किमान दीडशे वर्षे तक्रार करण्याचे कारण नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाचे नाव सैन्यातील भरतीमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ असे पडले असून पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण कामी आले, असा त्याचा लौकिक आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तेथील मृतांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, तर त्यांच्या हाताखालील हिंदी जवानांची रेजिमेंटवार फक्त संख्या कोरली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अशा विषमतेबद्दल जाहीर माफी मागितली. यावरून हुद्द्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते, ते असे की त्याने केवळ पेन्शन ठरत नाही, तर मेल्यानंतर माणूस राहायचे की आकडा व्हायचे हेही ठरते. आणि या कसोटीवर आजचा अर्जदार निश्चितच सुखी आहे, कारण त्याचे नाव तरी कोणत्या ना कोणत्या स्पेलिंगने नोंदलेले असते.

याच मातीत हुद्द्यांची एक संपूर्ण निराळी परंपरा होऊन गेली. नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ नंतर या भागात गावोगावी समांतर कारभार चालवला आणि त्याच्या तुफान सेनेत कुंडलचे जी. डी. बापू लाड फील्ड मार्शल, तर रामचंद्र लाड कॅप्टन होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी या मंडळींनी लुटली, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी कोणत्या हुद्द्यावर दहा महिने पूर्ण केले होते याची चौकशी झाली नाही. रामचंद्र लाड २०२२ मध्ये वारले तोवर सगळा मुलूख त्यांना ‘कॅप्टन भाऊ’ म्हणत होता. त्यांचा हुद्दा ज्या सरकारने दिला ते सरकार स्वतःच कागदोपत्री अस्तित्वात नव्हते, त्यामुळे कागदात चूक होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

कागदात असूनही उशीर झालेल्यांपैकी या भागातील सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. ईएमई दलात क्राफ्ट्समन, म्हणजे शिडीच्या पहिल्या पायरीवर असलेले पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांनी १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी केलेली मागणी नाकारली गेली. पुढे २०१८ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट आणि २०२५ च्या जानेवारीत अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, असा क्रम लागला. यातून इतर अर्जदारांनी घ्यावयाचा बोध एवढाच निघतो, की अर्जासोबत सुवर्णपदक जोडूनही त्रेचाळीस वर्षे लागतात. तेव्हा नुसत्या डिस्चार्ज बुकाच्या साक्षांकित प्रतीवर घाई करू नये.

उशिराचा हिशोब मात्र दोन्ही बाजूंना सारखा लागत नाही. पेन्शनमधील चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून ती चालू राहणारी चूक समजून अर्ज उशिरा आला तरी ऐकावा, परंतु थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निवाड्यात सांगितले आहे. परिणामी तीस वर्षे कमी पेन्शन घेतलेल्या नायकाचे हवालदारपण सिद्ध झाले, की तो तीस वर्षे हवालदार होता हे मान्य होते, आणि त्यांपैकी सत्तावीस वर्षे त्याने ते हवालदारपण स्वखर्चाने केले हेही ओघानेच मान्य होते.

अर्जदार वारला तर चूक त्याच्याबरोबर जात नाही. शेतजमिनीला वारस लावायचा असल्यास तलाठ्याकडे वर्दी, फेरफार, नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची सही एवढे सगळे लागते. हुद्द्यातील चुकीला वारस आपोआप लागतो, कारण पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच नोंदलेल्या हुद्द्यावरून ठरते. येथे नवा अर्ज उभा राहतो. या भागात पुष्कळ घरांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती, त्यामुळे पलटणीतल्या कागदावर माहेरचे एक नाव, आधार कार्डावर सासरचे दुसरे आणि बँकेच्या पासबुकात कारकुनाला ऐकू आले ते तिसरे, असे सापडते. मग ती बाई जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन अर्ज घेऊन जाते, एक स्वतःच्या नावाच्या दुरुस्तीचा आणि दुसरा नवऱ्याच्या हुद्द्याच्या दुरुस्तीचा, आणि पहिल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत दुसरा अर्ज करणारी बाई नेमकी कोण, हे रेकॉर्ड ऑफिसला मान्य करता येत नाही.